कर्नल साइक्स आणि दख्खनच्या प्राण्यांचे ठावठिकाणे

इ. स. १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या कार्यवृत्तात दख्खनमधील सस्तन प्राण्यांची एक सूची प्रसिद्ध झाली. अवघ्या आठ पानांच्या या सूचीत एका लहानशा पर्णनासिक वटवाघळाला ऱ्हायनोलोफस दुखुनेन्सिस असे नवे नाव देण्यात आले होते. प्राणिशास्त्रात एखाद्या जातीचे प्रथम वर्णन ज्या नमुन्यावरून होते, त्या नमुन्याचे ठिकाण ही केवळ तपशिलाची बाब नसते. पुढे त्या जातीच्या ओळखीविषयी वाद उद्भवला, तर मूळ ठिकाणच्या प्राण्याशी ताडून पाहूनच निवाडा करावा लागतो. या वटवाघळाचे ठिकाण म्हणून सूचीकाराने मागे ठेवले ते केवळ एक प्रदेशनाम. सूची दख्खनची, प्राणी दख्खनचा आणि नावही दख्खनचेच. कोणत्या गुहेतून, कोणत्या पडक्या गढीच्या तळघरातून तो नमुना हाती आला याचा बोध त्या नावातून होत नाही.

आठ वर्षांनंतर, १८३९ साली, त्याच लेखकाने दख्खनच्या माशांवर लिहिलेल्या निबंधाचा सारांश त्याच कार्यवृत्तात आला आणि १८४१ मध्ये संपूर्ण निबंध चित्रपटांसह संस्थेच्या व्यवहारग्रंथात छापला गेला. येथे मात्र नदी आहे, नदीकाठचे गाव आहे, क्वचित पुण्यापासूनचे अंतरही मैलांत आहे. एकाच हाताने एकाच भूमीत जमवलेल्या दोन संग्रहांत हा फरक पडावा, याला मासा नदी सोडून जात नाही हे एक कारण झाले. दुसरे कारण भाषेचे आहे आणि ते भाषा-साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचे वाटावे. माशांच्या बाबतीत या लेखकाने मराठी नावे मोठ्या संख्येने थेट शास्त्रीय नामावलीत घेतली, आणि त्या नावांबरोबर ठिकाणेही टिकून राहिली. हा लेखक म्हणजे मुंबई सैन्यातील अधिकारी आणि मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तलेखक विल्यम हेन्री साइक्स.

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी यॉर्कशरमध्ये, ब्रॅडफर्ड गावाजवळ झाला. १८०३ मध्ये, वयाच्या तेरा-चौदाव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी सेवेत उमेदवार म्हणून त्याचे नाव दाखल झाले. ते वर्ष दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धाचे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वेलस्लीने दौलतराव शिंद्यांच्या ताब्यातील अहमदनगरचा किल्ला घेतला आणि दख्खनच्या राजकारणाचे पारडे फिरले. १८०५ मध्ये लॉर्ड लेकने भरतपूरला घातलेल्या आणि अखेर अयशस्वी ठरलेल्या वेढ्यात साइक्स होता. पुढील काही वर्षांत विशेष सांगण्यासारखे काही नाही. तो मुंबई सैन्यात राहिला, देशी भाषा शिकला आणि पायरीपायरीने वर चढला.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत येरवड्याजवळ पेशव्यांच्या सैन्याशी ज्या लढाया झाल्या, त्यांत साइक्स देशी पायदळाबरोबर लढला. त्यानंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही त्याचा भाग होता. खडकीचे रणक्षेत्र मुळेच्या काठी आहे आणि येरवडा मुळा-मुठेच्या संगमाजवळ. या दोन नद्यांचा उल्लेख येथे मुद्दाम करावयाचा तो असा की, पुढे त्याने ज्या पाण्यातून सर्वाधिक नव्या जातींचे मासे विज्ञानाला दिले ते पाणी हेच. पेशवाईचा अंत ज्या काठांवर झाला, त्याच काठांवर सात-आठ वर्षांनी हा जेता जाळे ओढणाऱ्यांकडून माशांची नावे विचारीत बसला. यात उदात्त काही शोधण्याचे कारण नाही. जिंकलेला मुलूख मोजणे हे जेत्याचे कामच असते. परंतु मोजणारे अनेक होते आणि विचारणारे थोडे, एवढे मान्य करावे लागते.

१८२० मध्ये तो युरोपला गेला आणि चार वर्षे तेथे प्रवास केला. वेरूळच्या लेण्यांवरील त्याचा वृत्तांत मुंबईच्या साहित्यसंस्थेच्या १८२३ च्या खंडात प्रसिद्ध झाला. लेणी आणि वटवाघळे यांचे साहचर्य सर्वपरिचित असल्याने दुखुनेन्सिसचे मूळ ठिकाण वेरूळच असावे असे मानण्याचा मोह होतो. तो आवरणेच बरे, कारण साइक्सने प्राण्यांचे पद्धतशीर संकलन केले ते वेरूळनंतर, वेगळ्या नेमणुकीवर आणि बहुतांशी वेगळ्या मुलखात.

ही नेमणूक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनची देणगी होती. १८२४ च्या ऑक्टोबरात साइक्स भारतात परतला आणि मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने त्याला सांख्यिकी वृत्तलेखकाच्या पदावर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्याकडे आले. लोकसंख्या, पिके, दरभाव, मजुरी, वजने-मापे, जमिनीचे हक्क, पाऊस, तापमान, हवेचा दाब, खडक, वनस्पती, पशुपक्षी, सारेच त्याच्या टिपणांत येऊ लागले. वायुभारमापकाची नोंद तो दिवसाच्या ठरावीक वेळी घेत असे. दख्खनच्या हवेतील दाबाच्या दैनंदिन भरती-ओहोटीवरील त्याचा निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीने छापला. गावातील मिरासदार, उपरी, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार यांच्या हक्कांवर त्याने रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत लिहिले. रानरेशमाच्या किड्यावरील त्याच्या लेखाच्या शीर्षकातच कोळिसरा हा मराठी शब्द आहे. मराठी नाव टाळून काम भागवण्याची त्याला घाई नव्हती, हे येथेच दिसू लागते.

१८२९ च्या डिसेंबरात हे पद रद्द करण्यात आले. काम अपुरे होते. साइक्सने पदाविना ते पुरे करण्याची परवानगी मागितली, ती त्याला मिळाली, आणि पुढे स्वयंसेवक म्हणून त्याने खानेसुमारी व वृत्तांत तडीस नेला. १८३१ मध्ये तो रजेवर इंग्लंडला गेला तो पुन्हा भारतात आला नाही. १८३३ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झाला. संग्रह त्याच्याबरोबर गेला. त्यातील सस्तन प्राण्यांचे नमुने कंपनीच्या लंडन येथील संग्रहालयात जमा झाले, थॉमस हॉर्सफील्डने १८५१ मध्ये केलेल्या सूचीत आले आणि कंपनीचे संग्रहालय मोडल्यावर ब्रिटिश म्युझियमकडे गेले.

सस्तन प्राण्यांच्या सूचीकडे पुन्हा वळावयाचे तर तीत एकट्या वटवाघळाचीच कथा नाही. भारतीय लांडग्याचे कॅनिस पॅलिपीस हे नाव याच सूचीतले आणि ते आजही उपजातीच्या रूपाने चालू आहे. रानकुत्र्याला त्याने दुखुनेन्सिस म्हटले आणि त्याचे मराठी नाव कोळसून असे नोंदवले. खोकडाला तर त्याने जातिनामच मराठी दिले. मात्र बंगालमधील कोल्हा आधीच नामांकित झालेला असल्याने ते नाव मागे पडले. सह्याद्रीतील मोठी खार, म्हणजे शेकरू, हिला त्याने आपल्या आश्रयदात्याचे एल्फिन्स्टनचे नाव दिले. महाराष्ट्राने राज्यप्राणी म्हणून मान दिलेल्या जनावराच्या शास्त्रीय नावात मुंबईचा गव्हर्नर बसला आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

१८३२ च्या पक्षिसूचीत दोनशेहून अधिक पक्षी होते. त्यांत एका चंडोलाला देव आणि एका वटवट्याला राम अशी नावे मिळाली; ती दोन्ही आजही जातिनामे म्हणून मान्य आहेत. एल्फिन्स्टनचे नाव येथे पुन्हा आले ते एका रानपारव्याला. त्याचेही ठिकाण साइक्सने दख्खन एवढेच दिले होते. हा पारवा घाटमाथ्याच्या सदाहरित रानांत राहणारा आहे, देशावरच्या माळावर तो आढळणे शक्य नाही. म्हणून नंतरच्या पक्षिशास्त्रज्ञांनी त्या दख्खनचा अर्थ महाबळेश्वर असा मर्यादित केला. प्राण्याच्या राहणीवरून ठिकाणाचा शोध घेण्याची ही एक रीत आहे. वटवाघळाला ती लागू पडत नाही. दुखुनेन्सिसची जात लेण्यांत, भुयारांत, जुन्या इमारतींत, द्वीपकल्पात आणि श्रीलंकेतही राहते. तिच्या राहणीवरून दख्खनमधील एखादे गाव काढणे अशक्य आहे.

पुढे या वटवाघळाचे नावही राहिले नाही. हीच जात १८०० मध्ये श्नायडर या जर्मन विद्वानाने स्पिओरिस या नावाने वर्णिली होती, आणि प्राणिशास्त्रात आधीच्या नावाचा हक्क श्रेष्ठ असतो. आज ती हिप्पोसिडेरॉस स्पिओरिस म्हणून ओळखली जाते. दुखुनेन्सिस हे तिच्या पर्यायनामांच्या यादीत उरले आहे. या जातीचे मूळ ठिकाण म्हणून दख्खनचा दावा त्यामुळे आपोआप संपला. ते ठिकाण तरंगमबाडी, म्हणजे कोरोमंडल किनाऱ्यावरील डेन्मार्कची वखार. १६२० मध्ये तंजावरच्या नायकाने ती जागा डेन लोकांना दिली होती. श्नायडरचे वर्णन छापले गेले तेव्हा तंजावरच्या गादीवर सरफोजी भोसले होते, आणि त्यांना शिकवणारा श्वार्ट्झ हा पाद्री भारतात आला होता तो तरंगमबाडीच्या मिशनमध्येच. दख्खनचे म्हणून मिरवलेले वटवाघूळ अशा रीतीने दक्षिणेतील मराठी राज्याच्या उंबरठ्यावर जाऊन पोचते. या योगायोगाला काही अर्थ चिकटवण्याची गरज नाही. तंजावरच्या मराठीच्या अभ्यासकांना तो ठाऊक असावा एवढेच.

आता मासे. या बाबतीत साइक्सच्या पुढे एक मोठा आदर्श होता. फ्रान्सिस बुकानन, जो पुढे हॅमिल्टन झाला, त्याने बंगालच्या सर्वेक्षणाच्या काळात जमवलेल्या माहितीवरून गंगेतील माशांचा ग्रंथ १८२२ मध्ये एडिंबरोस प्रसिद्ध केला. काशीच्या शिंदे घाटाखालून वाहणाऱ्या पाण्यातील रोहू, कतला, मृगल, कालबासू ही मंडळी त्या ग्रंथातून रोहिता, कतला, मृगाला, कालबासू अशा रूपांत लॅटिन नामावलीत गेली. दौलतरावांच्या पश्चात राज्यकारभार पाहणाऱ्या बायजाबाईंनी शिंदे घाट बांधला तो १८३० च्या सुमारास. त्याच सुमारास, पद गेल्यानंतरच्या त्या दीड-दोन वर्षांत, साइक्स भीमेच्या खोऱ्यातील आपले काम आवरत होता. या घाटाचा आणि भीमेचा आणखी एक धागा आहे. चांभारगोंदे ऊर्फ श्रीगोंदे हे महादजींच्या काळापासून शिंद्यांकडे असलेले गाव, आणि त्याच्या दक्षिणेस काही मैलांवर भीमेच्या काठी पेडगाव आहे. बहादूरगडाचे पेडगाव ते हेच. १६८९ मध्ये संभाजीराजांना कैद करून औरंगजेबासमोर आणले गेले ते येथेच. साइक्सच्या माशांपैकी काहींचे मूळ ठिकाण म्हणून प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत जे गाव नोंदले गेले आहे, तेही हेच पेडगाव.

मात्र त्या ग्रंथांत पेडगाव हे नाव सापडणार नाही. तेथे आहे ते, देवनागरीत उतरवावयाचे तर, पैरगाव. शिरूरजवळची नदी तेथे गोरे अशी आली आहे. नकाशावर या नावाची नदी शोधणाऱ्याला ती मिळणार नाही, कारण ती घोड नदी आहे. किल्ली साइक्सच्या कानात आहे. दोन स्वरांमधला मराठी ड, ज्याचा उच्चार जीभ उलटी वळवून थोडा सैल केला जातो, तो त्याच्या इंग्रजी कानाला र असा ऐकू येई. घोडचे गोरे झाले ते असे आणि पेडचे पैर झाले तेही असेच. खोकडाच्या नावातील ड याच वाटेने गेला आणि कोकरी असे रूप उरले. मोठ्या फळखाऊ वटवाघळाचे मराठी नाव त्याने वुरबागूल असे लिहिले आहे. त्यातील वुर म्हणजे वड. यावरून आणखी एक गोष्ट हाती येते. साइक्सला नाव सांगणाऱ्याच्या तोंडी वटवाघूळ नव्हते, वडवाघूळ होते. महाप्राणांची आबाळ झाली आहे, स्वर ताणले किंवा आखडले गेले आहेत, पण चूक एकाच नियमाने झालेली आहे. आणि नियमाने झालेली चूक उलटी फिरवून मूळ शब्दापर्यंत जाता येते. पाठचिकित्सा करणारा पंडित लेखनिकाच्या सवयी ओळखून मूळ पाठ निश्चित करतो, त्याहून ही क्रिया वेगळी नाही. मुळा-मुठेचे मोटा-मोला, इंद्रायणीचे इंदरानी, शिरूरचे सीरूर अशी इतर रूपे या रीतीने बिनतक्रार उलगडतात.

माशांच्या निबंधातील नावांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग लंडनच्या विद्वज्जनांचा. ऑगिल्बी, व्हिगर्स, यॅरेल, चिल्ड्रन ही त्या काळच्या प्राणिशास्त्रीय वर्तुळातील माणसे एकेका माशाच्या नावात जाऊन बसली. पेडगावच्या भीमेतील एक चपटा, रुपेरी मासा व्हिगर्सच्या नावाने ओळखला जातो. पुण्याच्या मुळा-मुठेतील राक्षसी शिंगाळा यॅरेलच्या नावाने. दुसरा वर्ग मराठी शब्दांचा, आणि तो अधिक भरगच्च आहे : खुदरी, कोळस, नुकटा, फुलुंगी, गोगरा, टाकरी, बलुकी, टिकणी, आळकुटी, मुरी. व्हिगर्स व ऑगिल्बी यांच्या माशांना ज्या वंशात त्याने घातले त्या वंशाचे नावही मराठीच आहे, रोहटी. म्हणजे पेडगावच्या त्या माशाच्या मूळ नावात आडनाव मराठी आणि पाळण्यातले नाव इंग्रज असा विलक्षण संकर झाला. एका माशाचे नाव पोटेल आहे. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत गावच्या पाटलाचे नाव अक्षरशः याच वर्णांनी लिहिले जाई आणि साइक्स तर पाटीलकीच्या हक्कांवर निबंध लिहिणारा माणूस. ते अक्षर लिहिताना त्याची लेखणी थबकली नसेल असे मानणे कठीण आहे.

शास्त्रीय नामकरणाचा एक नियम असा की नाव प्रथम जसे छापले गेले तसेच ते पुढे चालवावयाचे. भाषेच्या दृष्टीने अशुद्ध आहे म्हणून ते सुधारता येत नाही. त्यामुळे १८२५ ते १८३१ या काळात भीमा, घोड, इंद्रायणी, मुळा-मुठा यांच्या काठी मासे धरणाऱ्यांच्या तोंडचे शब्द एका परक्या कानाला जसे ऐकू आले तसेच गोठून राहिले आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम प्रसिद्ध झाला १८३१ मध्ये, म्हणजे साइक्सच्या सस्तन प्राण्यांच्या सूचीच्याच वर्षी. दर्पणचा पहिला अंक निघाला ६ जानेवारी १८३२ रोजी. मराठी गद्य छापखान्यात पाऊल टाकत असतानाच हे शब्द दुसऱ्याच वाटेने छापखान्यात शिरले होते. कोशाच्या कामात ब्राह्मण पंडितांचे साहाय्य होते. त्यांची शब्दसंपदा मोठी होती, परंतु टाकरी आणि टिकणी यांतला भेद सांगण्यासाठी जाळ्यात हात घालावा लागतो. तो हात कोळ्या-भोयांचा होता. नामावलीत व्हिगर्स आहे, यॅरेल आहे; ज्याने खुदरी हा शब्द उच्चारला त्याचे नाव तीत नाही. शब्द तेवढा त्याचा आहे.

साइक्सचे उर्वरित आयुष्य लौकिक यशाचे होते आणि ते थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. १८३४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याच वर्षी लंडनची सांख्यिकी संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत तो होता आणि १८६३ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. चार जिल्ह्यांचा त्याचा सांख्यिकी वृत्तांत ब्रिटिश असोसिएशनपुढे १८३७ मध्ये आला. १८४० मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर गेला आणि १८५६ मध्ये मंडळाचा अध्यक्ष झाला. उठावाच्या पूर्वसंध्येला कंपनीच्या कारभाराच्या शिखरावर हा दख्खनचा जुना मोजणीदार बसलेला होता. १८५७ पासून मृत्यूपर्यंत तो ॲबर्डीनचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात होता. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपदही त्याच्याकडे आले. चीनमधील तायपिंग बंडात ब्रिटिशांनी हात घालू नये असे त्याचे मत होते आणि त्यासाठी १८६३ मध्ये त्याने पुस्तक लिहिले. हवेच्या दाबाचे जुने वेड सुटले नाही. ग्लेशरने १८६२ मध्ये बलूनमधून उंच जाऊन जे प्रयोग केले, त्यांमागील ब्रिटिश असोसिएशनच्या समितीत साइक्स पुढाकार घेणारा होता.

भारतविद्येत त्याने जे धाडस केले ते तेवढे टिकले नाही. मुसलमानी स्वाऱ्यांपूर्वीच्या भारताच्या धार्मिक व राजकीय स्थितीवर १८४१ मध्ये त्याने दीर्घ निबंध लिहिला. फाहियानच्या प्रवासवृत्ताचा आधार घेऊन बौद्ध धर्माचे प्राचीनत्व आणि संस्कृतपेक्षा पालीचे अग्रक्रमत्व सिद्ध करण्याचा तो प्रयत्न होता. पुढील संशोधनाने पालीविषयीचे त्याचे म्हणणे स्वीकारले नाही. लक्षणीय आहे ते हे की, जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांच्या नकला रॉयल एशियाटिक सोसायटीला पुरवणारा आणि माशांची नावे गोळा करणारा साइक्स हा प्रत्यक्ष पाहिल्या-ऐकलेल्या गोष्टींना धरून राहतो. लंडनमध्ये बसून अनुवादांवरून सिद्धान्त उभारणारा साइक्स घसरतो. १६ जून १८७२ रोजी लंडन येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या माशांची कहाणी मात्र पुढे चालू राहिली, आणि तीत ठिकाणाच्या नोंदीचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते ते मुसुल्ला या नावात. घोड नदीत शिरूरजवळ मिळालेल्या एका मोठ्या माशाला साइक्सने बार्बस मुसुल्ला म्हटले होते. त्याने वर्णिलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत; वर्णन, चित्र आणि ठिकाण एवढाच पुरावा. १९४३ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे सुंदरलाल होरा यांनी महाशीर माशांवर लिहिताना मुसुल्ला म्हणजे दक्षिणेतील पाठीवर वशिंड असलेला अवाढव्य महाशीर, असे समीकरण मांडले. होरांचा अधिकार मोठा होता. कावेरीच्या त्या प्रसिद्ध माशाला त्यानंतर सत्तर वर्षे घोडकाठच्या एका मराठी शब्दाने ओळखले गेले. २०१३ मध्ये मूळ वर्णन आणि कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातील मासे पुन्हा ताडून पाहण्यात आले, तेव्हा साइक्सचा मुसुल्ला हा महाशीर नव्हेच, तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या वंशातला, असा निर्णय झाला. वशिंडवाल्या महाशीराचे नाव असे काढून घेतले गेले आणि तो मासा काही काळ शास्त्रात अनामिक राहिला. २०१८ मध्ये तो टोर रेमादेवी या जातीचा असल्याचे दाखवण्यात आले.

दरम्यान साइक्सचा दुसरा मासा, खुदरी, त्याच कावेरीत जाऊन पोचला होता. त्याचे मूळ ठिकाण पुण्याच्या पूर्वेस आठ मैलांवरची मुळा-मुठा. धरणे, सांडपाणी आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी यांनी महाशीर नाहीसा होऊ लागल्याचे पाहून लोणावळ्याला वळवण येथील टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून खुदरीची कृत्रिम पैदास सुरू झाली, सी. व्ही. कुळकर्णी आणि एस. एन. ओगले यांची नावे त्या कामाशी निगडित आहेत. तेथील पिल्ले दूरदूरच्या जलाशयांत आणि नद्यांत सोडण्यात आली, त्यांत कावेरीही होती. खुदरी तेथे फोफावला. वशिंडवाला महाशीर, ज्याला जग तेव्हा मुसुल्ला म्हणत होते, तो झपाट्याने कमी झाला आणि आता अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. खुदरीला संकटग्रस्त म्हणून जी नोंद होती ती मागे घेण्यात आली. पुण्याच्या पूर्वेच्या त्या आठ मैलांवर, जेथून साइक्सने पहिला खुदरी मिळवला, तेथील मुळा-मुठा आज शहराचे सांडपाणी घेऊन भीमेकडे जाते.